धर्मातलं 'आवश्यक' काय ते कोर्टाने का ठरवायचं?

पायवाट
नमस्कार मंडळी, बँकेतली नोकरी सांभाळून बाहेरून तत्त्वज्ञानात एमए करतोय, सध्या धर्म आणि राज्यसंस्था हा पेपर चालू आहे. पाश्चात्य मंडळी वाचून झाली, राजीव भार्गवांची 'तत्त्वनिष्ठ अंतर' ही मांडणी पण वाचली (आपलं राज्य धर्मापासून सरसकट लांब राहत नाही, समता-स्वातंत्र्यासाठी कधी हात घालतं, कधी हात आखडता घेतं, असं थोडक्यात) आणि पटली सुद्धा. पण मग आपल्याकडचे निकाल वाचायला घेतले आणि तिथे पार अडकलोय.

सेक्युलर राज्य कुठला धर्म खरा नि कुठला खोटा यात पडत नाही हे मूळ गृहीतक. मग त्याच राज्याचं सर्वोच्च न्यायालय सत्तर वर्षं 'ही प्रथा तुमच्या धर्माचा आवश्यक भाग आहे का' हे कसं काय ठरवत बसलंय? १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात (उडुपीचा मठ, घोडनदीचं शिरूर नाही) कोर्ट म्हणालं की आवश्यक भाग कुठला हे त्या धर्माच्याच शिकवणीवरून ठरवायचं. वाचताना वाटतं वा, धर्माचा मान राखला. पण १९६१ च्या अजमेर दर्ग्याच्या निकालात न्या. गजेंद्रगडकर लिहितात की काही प्रथा धार्मिक दिसत असल्या तरी निव्वळ अंधश्रद्धेतून आलेल्या, मागाहून चिकटलेल्या असू शकतात आणि त्यांना संरक्षण मिळणार नाही. म्हणजे मागाहून काय चिकटलंय ते आता कोर्ट बघणार.

सगळ्यात जास्त त्रास मला आनंदमार्गींच्या केसने दिला. त्यांना रस्त्यावरच्या मिरवणुकीत तांडवनृत्य करायचं होतं, कवटी, सुरा वगैरे घेऊन. १९८३ मध्ये कोर्ट म्हणालं, पंथ स्थापन झाला १९५५ ला, तांडव करायला सांगितलं १९६६ ला, म्हणजे ते आवश्यक नाही. मग पंथाने आपल्या ग्रंथात ते आवश्यक आहे असं घालून घेतलं, तरी २००४ मध्ये कोर्ट म्हणालं, नंतर घातलेलं धरणार नाही. सुरे घेऊन रस्त्यावर नाचू नका हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण त्यासाठी सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण पुरेसं होतं ना? पंथाचा गाभा कुठल्या साली गोठला हे कोर्टाने सांगायची काय गरज होती?

तर प्रश्न दोन. एक, हा विरोधाभास सेक्युलॅरिझमच्या पोटातच आहे की फक्त आपल्या कोर्टाच्या पद्धतीत? आणि दोन, कोर्टाने हे ठरवणं सोडलं तर धर्माच्या आत जो दुबळा आहे, बाई, दलित, बंडखोर, त्याला कोण वाचवणार? दुसऱ्या प्रश्नाने माझी खरंच झोप उडवलीय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सनदशीर
धागा आवडला. वकिली करतो, त्यातही ट्रस्ट आणि धर्मादाय आयुक्तांकडची कामं जास्त, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे राज्याने धर्माला हात लावणं आणि राज्याने धर्माचा अर्थ लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्या एक समजल्यामुळे झालाय असं माझं ठाम मत आहे. देवस्थानाच्या दानपेटीचा हिशोब मागायला देव आहे की नाही हे ठरवावं लागत नाही. घटनेच्या कलम २५ मध्येच लिहिलंय की धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय, लौकिक व्यवहारांचं नियमन करता येईल आणि समाजसुधारणेसाठी कायदेही करता येतील. आणि हे सगळं स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि बाकीचे मूलभूत हक्क यांच्या अधीन. म्हणजे घटनाकारांनी हात लावायची सोय भरपूर ठेवली होती, पोथी उघडून अर्थ सांगायची सोय कुठेच केली नव्हती.

मग हे आलं कुठून? २ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत व्यक्तिगत कायद्यांवर बोलताना बाबासाहेब म्हणाले होते की या देशात धर्माच्या कल्पना इतक्या अफाट आहेत की जन्मापासून मरणापर्यंत आयुष्याचं कुठलंच अंग त्यातून सुटत नाही, तेव्हा धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मुळातच धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरती मर्यादित करायचा प्रयत्न केला पाहिजे. त्यांचा प्रश्न होता, हा व्यवहार धार्मिक आहे की लौकिक? जमीन, वारसा, लग्न, कर या गोष्टी धर्माच्या नावावर राज्याच्या हातून निसटू नयेत ही चिंता. कोर्टाने पुढे प्रश्न बदलला. व्यवहार धार्मिक आहे हे मान्य, पण तो धर्मात अत्यावश्यक आहे का? पहिला प्रश्न कुठलाही न्यायाधीश सोडवू शकतो, दुसऱ्यासाठी त्याला त्या धर्माचा आचार्य व्हावं लागतं.

आणि झालेही. १९६६ चा सत्संगींचा निकाल बघा. दलितांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा लागू होऊ नये म्हणून स्वामीनारायण सत्संगींनी बाजू मांडली की आम्ही हिंदूच नाही, आमचा धर्म वेगळा. कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि तो निकाल न्याय्यच होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण शेवटी गजेंद्रगडकर लिहितात की सत्संगींची भीती अंधश्रद्धा आणि अज्ञानातून आलीय आणि खुद्द स्वामीनारायणांच्या शिकवणीचा अर्थच त्यांना नीट कळलेला नाही. भक्तांना त्यांच्या गुरूचा अर्थ समजावून सांगणारं कोर्ट! याची गरज नव्हती. मंदिर सार्वजनिक आहे, कायदा प्रवेश नाकारू देत नाही, संपला विषय.

आता दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, दोन्ही मुंबई हायकोर्टाचे, दोन्ही २०१६ चे, दोन्ही बायकांच्या प्रवेशाचे. शनी शिंगणापूरला चौथऱ्यावर बायकांना चढू देत नव्हते. विद्या बाळ आणि इतरांची जनहित याचिका होती. १ एप्रिलला हायकोर्टाने काय केलं, तर १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा पुढे ठेवला, जिथे पुरुषांना जाता येतं तिथे बायकांनाही जाता आलं पाहिजे, अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, सरकारने अंमलबजावणी करावी. शनीला बायका चालतात का, साडेसातीचं शास्त्र काय म्हणतं, यावर कोर्टाने निकाल बेतला नाही. गावात तणाव झाला, आंदोलक बायकांना अडवलं, समानता दाखवायला पुरुषांनाही चौथरा बंद करून झाला, आणि गुढीपाडव्याला पुरुष पाणी घालायला चढल्यावर ट्रस्टने तो सगळ्यांना खुला केला.

जवळजवळ पाच महिन्यांनी, २६ ऑगस्टला हाजी अलीचा निकाल. तिथे मजारीच्या गाभ्यापर्यंत बायका आधी जात होत्या, २०११-१२ च्या सुमारास ट्रस्टने बंद केलं. इथे काय झालं? ट्रस्टने कुराण-हदीसचे दाखले दिले, कोर्टाने ते तपासले आणि म्हणालं की बायकांना मनाई हा इस्लामचा आवश्यक भाग आहे असं यातून दिसत नाही. निकाल चांगला लागला, शिवाय समानतेच्या कलमांचा आधारही त्यात आहे. पण समजा उद्या कुणी खणखणीत दाखला आणून ठेवला असता तर? त्या बायकांचा हक्क एखाद्या वचनाच्या अर्थावर टांगलेला राहिला असता. मला शिंगणापूरचा रस्ता पटतो तो यामुळे. तुम्ही धर्म म्हणून काय मानता ते तुमचं, पण सार्वजनिक जागेतून माणसाला माणूस म्हणून बाहेर ठेवता येणार नाही, मग ते ग्रंथात असो नाहीतर नसो.

शबरीमलाच्या (केरळातल्या मंदिरात बायकांच्या प्रवेशाचा वाद) २०१८ च्या निकालात न्या. चंद्रचूड याच दिशेने गेले होते, प्रथा आवश्यक आहे का यापेक्षा ती कुणाला वगळून त्याची प्रतिष्ठा हिरावते का हे बघा म्हणून. हिजाबच्या प्रकरणात २०२२ मध्ये न्या. धुलिया पण म्हणाले की आवश्यक प्रथेच्या वाटेला जायलाच नको होतं. म्हणजे कोर्टातच हा विचार सुरू झालाय.

माळकरी
सनदशीर, अभ्यासपूर्ण प्रतिसाद, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

मी वारकरी घरातला. तुम्ही म्हणता ग्रंथात काय आहे याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, फक्त वगळलं का तेवढं बघू. पण माणसं बदलतात ती 'कायद्यात बसत नाही' म्हटल्यावर नाही हो, 'हे आपल्या धर्मातच नाही' म्हटल्यावर बदलतात. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, त्याच्या आधी महाराष्ट्रभर फिरले, आणि गावोगाव बोलले ते काय कलमांबद्दल? ज्या विठ्ठलाच्या पायाशी चोखोबा आहे त्या विठ्ठलाच्या दारात चोखोबाच्या लेकरांना अडवता हे कसं, असा तो सवाल होता. सवाल धर्माच्या आतून होता म्हणून बडव्यांपर्यंत पोचला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा माणूस अस्पृश्यतेच्या विरोधात शास्त्राधार काढून देत होता त्याला किंमत होती ती त्यामुळेच. हमीद दलवाईंचा मार्ग वेगळा, त्यांनी कुराणाच्या अर्थात न शिरता थेट समान हक्क मागितले, आणि समाजात ते किती एकटे पडले हे सगळ्यांना माहीत आहे.

शबरीमलाचंच बघा. निकाल ४ विरुद्ध १ लागला, आणि केरळात हजारो बायकाच निकालाच्या विरोधात रस्त्यावर आल्या. त्या सगळ्या अज्ञानी असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वेगळं मत देणाऱ्या एकट्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या बाई होत्या आणि त्या म्हणाल्या की धर्माच्या बाबतीत तर्काची कसोटी लावता येत नाही. तुमची 'वगळलं का' ही कसोटी तरी कुठे तटस्थ आहे? ती पण एक नीतीच आहे, फक्त घटनेतली. लग्न धर्माबाहेर केलं म्हणून पारशी बाईला अग्यारीत न जाऊ देणं हे वगळणंच आहे, मग उद्या तिथे पण पोलीस घेऊन जाणार का? चारदोन हजार माणसांच्या पंथाला आपलं वेगळेपण राखायचं असेल तर तो कुणाला तरी बाहेर ठेवणारच.

अटलांटिकपार
न्यू जर्सीहून लिहितेय, इथे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. पायवाट यांच्या पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते, कारण हा पेच फक्त भारताचा नाही.

लॉकच्या १६८९ च्या सहिष्णुतेवरच्या पत्रात वासराचं उदाहरण आहे. तो म्हणतो, कुणाला घरी वासरू मारून खायची मुभा असेल तर त्याला तेच वासरू देवाला बळी द्यायचीही मुभा हवी, राजाने त्यात पडू नये. पण समजा रोगाने गुरं मेली आणि कळप वाढावा म्हणून राजाने सगळ्यांनाच काही काळ वासरं मारायला बंदी केली, तर ती बळी देणाऱ्यालाही लागू. कारण तिथे कायदा यज्ञाबद्दल बोलतच नाहीये, गुरांबद्दल बोलतोय. म्हणजे सनदशीर यांचा शिंगणापूरचा रस्ता तोच हा, राज्याने धर्माचा अर्थ न लावता सगळ्यांना सारखा कायदा लावायचा.

अमेरिकेत हे टोकाला नेलं १९९० मध्ये. ओरेगन राज्यात मूळ अमेरिकन चर्चच्या दोघांनी आपल्या विधीत पेयोटी नावाचं नशा आणणारं निवडुंग घेतलं, त्यावरून नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, अमुक विधी तुमच्या धर्मात किती मध्यवर्ती आहे हे ठरवणं न्यायाधीशांचं कामच नाही, कायदा सर्वांना सारखा आहे, तेव्हा सवलत नाही. एका अर्थी पायवाटना हवं होतं तेच. पण दारूबंदीच्या काळात, १९१९ च्या कायद्यात, चर्चमधल्या विधीच्या वाइनला सवलत लिहून ठेवलेली होती! कारण कायदा करणाऱ्यांच्या घरचा तो विधी होता. निवडुंगवाल्यांचं विधिमंडळात कोण होतं? 'सर्वांना सारखा' कायदा लिहिताना बहुसंख्यांचा धर्म आधीच लक्षात घेतलेला असतो आणि अल्पसंख्यांना मागाहून भीक मागावी लागते, ही माझी या मार्गाबद्दलची खरी भीती आहे. त्या निकालावर इतका गदारोळ झाला की इथल्या संसदेने, काँग्रेसने, १९९३ मध्ये कायदा करून धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण परत वाढवलं.

फ्रान्सचंही तसंच. १९०५ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे केले, पण त्याआधी बांधलेली बहुतेक चर्चेस सरकारच्या आणि गावांच्या मालकीची राहिली, त्यांची डागडुजी सार्वजनिक पैशातून होते. नंतर आलेल्या मशिदींना ती सोय नाही. नियम एकच, पण इतिहास सारखा नाही. त्यामुळे विरोधाभास सेक्युलॅरिझमच्या पोटात आहे का, तर हो, काही अंशी आहे, राज्याला धर्म कुठे संपतो ही रेघ कुठेतरी मारावीच लागते आणि ती रेघ मारणारा हात कुणाचा तरी असतो.

सनदशीर
अटलांटिकपार ताई, वासराचं उदाहरण जबरदस्त, आणि भीती रास्त आहे. म्हणूनच मी 'सर्वांना सारखा कायदा' एवढ्यावर थांबत नाही, कुणाला खाली ढकलतो का हे बघा म्हणतो. निवडुंगाने कुणी खाली ढकललं जात नव्हतं. संथारा (जैनांमधलं मरेपर्यंतचं उपोषण) घेणाऱ्या वृद्धेचंही तेच, ती स्वतःच्या इच्छेने घेत असेल तर राजस्थान हायकोर्टाने २०१५ मध्ये जैन धर्मात ते आवश्यक नाही असं सांगायला नको होतं, इच्छा खरी आहे की घरच्यांचा दबाव एवढं तपासायला हवं होतं. सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात स्थगिती दिली.

माळकरी दादा, साने गुरुजींबद्दल एक शब्द खोडणार नाही. पण मंदिरप्रवेशाचा मुंबई राज्याचा कायदा पण १९४७ चाच. आणि बडव्या-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क कीर्तनाने गेले नाहीत, १९७३ चा कायदा करावा लागला आणि ते कोर्टकज्जे २०१४ पर्यंत चालले. आतून सवाल विचारायचं काम साधुसंतांचं, सुधारकांचं. ते न्यायाधीशाने केलं की ना धड धर्म सुधारतो ना धड न्याय होतो.

अग्यारीचा प्रश्न मात्र खरंच कठीण आहे, तो नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे गेलेल्या विषयांतच आहे. तिथे माझंही मत पक्कं नाही.

गावकूस
इतका वेळ वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा आमच्या जातपंचायतीने आम्हाला वाळीत टाकलं. जात आणि गाव सांगत नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, कोणी मारत नाही, शिवी देत नाही. फक्त गिरणीत दळण घेत नाहीत, आईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, चुलत्याच्या मयताला गेलो तर खांदा देऊ देत नाहीत, वडील पारावर जाऊन बसले की बाकीचे उठून जातात. पंचांचं म्हणणं एकच, हा आमचा धर्म आहे, दंड भरा, मुलीशी संबंध तोडल्याचं सगळ्यांसमोर सांगा, मग जातीत घेऊ. वडिलांनी नाही सांगितलं.

तर आता तुम्ही लोक आवश्यक आहे की नाही म्हणताय ना, पंचांनी जुनी वही काढून दाखवली असती की आजोबा-पणजोबापासून असंच आहे. होतंच तसं! मग आम्ही हरलो असतो का? १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कार टाकण्याविरुद्धचा कायदा होता, तो बोहरा समाजाच्या खटल्यात १९६२ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला, कारण धर्मगुरूचा बहिष्काराचा अधिकार धर्माचा भाग आहे म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. मधली पन्नासेक वर्षं आमच्यासारख्यांकडे बोट ठेवायला धड कलम नव्हतं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून लागू झाला, त्यात धर्मात काय आवश्यक हे कोणी विचारत नाही, बहिष्कार टाकला का एवढंच. त्या कायद्याची प्रत घेऊन मी स्वतः पोलीस ठाण्यात गेलो. मिटलं सगळं गोडीत असं नाही, पण गिरणी सुरू झाली.

माळकरी भाऊ, तुमचा विठ्ठल मलाही आहे. पण आतून बदल होईपर्यंत माझ्या आईने दळण कुठून आणायचं?

माळकरी
गावकूस भाऊ, तुमच्या वडिलांना माझा दंडवत सांगा. बहिष्काराच्या कायद्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. माझं म्हणणं पूजाविधीच्या आत शिरण्याबद्दल आहे. दळण, मयत, पार हे कुठे पूजेत येतं?

सनदशीर
तेच तर बाबासाहेब १९४८ मध्ये सांगत होते, दादा. आणि जादूटोणा विरोधी कायदाही याच वाटेने गेलाय. डॉ. दाभोलकरांनी वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा केला, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत अध्यादेश निघाला. त्याची अनुसूची वाचा, अंगात भूत आहे म्हणून मारहाण करणं, नरबळी, साप चावल्यावर दवाखान्यात न जाऊ देणं अशी कृत्यं एकेक करून लिहिलीत, आणि पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, प्रवचन याला कायदा लागू नाही हे वेगळं कलम करून लिहिलंय. वारकऱ्यांच्या शंकांमुळे मसुद्यावर बरीच वर्षं चर्चा झाली त्याचा हा फायदा.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, गावकूस यांचे विशेष. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नसतं.

प्रबंधिकेसाठी शिंगणापूर आणि हाजी अली हेच दोन निकाल घ्यायचं ठरवतोय, १९६२ चा बोहरा निकाल पार्श्वभूमीला. अग्यारीचं प्रकरण शेवटच्या भागात घेईन, कारण माळकरींच्या त्या आक्षेपाला माझ्याकडे अजून उत्तर नाही: लहान पंथाने वेगळेपण राखणं आणि पंथातल्याच बाईला बाहेर ठेवणं यात फरक करायचा कसा. अटलांटिकपार ताई, पेयोटीच्या निकालानंतर १९९३ च्या कायद्याने नेमकं काय बदललं त्यावर सवडीने लिहाल का? आणि सनदशीर, १९५६ च्या कायद्यात 'हिंदू' मध्ये जैन, शीख, बौद्ध धरलेत का ते बघून सांगा ना.

सनदशीर
धरलेत. त्यावरून पण वाद झालेत, नवा धागा काढा, तिथे लिहितो.